कुत्र्याच्या तोंडून सुटलेले कासव

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात पालक व माजी विद्यार्थी यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीत कासव हा शब्द एकच आहे. विहिरीत पोहते ते कासव, समुद्रकिनाऱ्यावर अंडी घालायला येते ते कासव, आणि ज्याला जन्मभर पोहता येत नाही, जे माळावरचे गवत व गळून पडलेली फुले खाऊन जगते तेही कासवच. इंग्रजीत जमिनीवरच्याला आणि पाण्यातल्याला सहसा निराळी नावे आहेत. मराठीला तशी गरज वाटली नसावी. एरवी त्यावाचून कोणाचे अडत नाही. पण जखमी झालेले जमिनीवरचे कासव अंगणात सापडते आणि घरातले आजोबा मोठ्या मायेने म्हणतात, "अगं, पाण्यात सोड त्याला, तहानलं असेल बिचारं," तेव्हा त्या एका शब्दापायी जीव जाऊ शकतो. बादलीत किंवा विहिरीत सोडलेले जमिनीवरचे कासव तरंगत नाही, ते बुडते.

या व्याख्यानाचा विषय तेच जमिनीवरचे कासव आहे. त्यातही तारांकित कासव. काळपट, घुमटाकार पाठीवर प्रत्येक उंचवट्यापासून फुटणारे पिवळे किरण ही त्याची ओळख. हातात घेऊन पाहिले तर ती नक्षी दागिन्यासारखी उठून दिसते. सुकलेल्या गवताच्या सावलीत मात्र तीच नक्षी त्याला पुरते दिसेनासे करते. जीवशास्त्रज्ञ त्याला जिओकेलोनी एलिगन्स म्हणतात.

या प्राण्याचा प्रदेश पाहिला तर एक योगायोग ध्यानात येतो. भारतातील त्याचे वसतिस्थान दोन ठिकाणी विभागलेले आहे. एक वायव्येस, गुजरात व राजस्थानच्या कोरड्या झुडपी रानांत. दुसरे आग्नेयेस, आंध्र, कर्नाटकाचा पूर्वभाग आणि तमिळनाडू येथे. पलीकडे पाकिस्तानातील सिंध आणि खाली श्रीलंका येथेही ते आढळते. म्हणजे त्याची मुख्य घरे महाराष्ट्राच्या दोन बाजूंना आहेत, आणि राजाश्रयाच्या, नोकरीच्या वा व्यापाराच्या निमित्ताने बाहेर पडलेल्या मराठी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जिथे बिऱ्हाडे थाटली, त्यांपैकी बराच मुलूख हाच. तंजावरात सरफोजी राजांच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. ज्या मुलांसाठी ते पुस्तक निघाले, त्यांना खरे कासव पाहायला फार लांब जावे लागत नसणार. तेव्हा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेच्या व्यासपीठावरून या प्राण्याविषयी बोलणे मुळीच आडवाटेचे नाही. तो इथल्या माजी विद्यार्थ्यांचा शेजारी आहे.

शेजार अलीकडे अधिक जवळ आला आहे. शहराच्या कडेला प्लॉट पडतात, फार्महाऊस उठतात, कुंपणे घातली जातात. जिथे घर उभे राहते तिथे काल निवडुंगाची आणि बाभळीची जाळी होती, आणि त्या जाळीत कासवे होती. घर बांधणाऱ्याला ती दिसलेली नसतात. उन्हाळाभर ती झुडपाच्या बुंध्याशी, गवताच्या गादीखाली जवळजवळ निश्चल असतात. पहिला पाऊस पडला की हालचाल सुरू होते: पाणी पितात, कोवळे गवत खातात, नर माद्यांचा माग काढतात. त्याच दिवसांत घरातला कुत्राही पावसाने थंड झालेल्या हवेत बागेत मोकळा धावत असतो.

अशी एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी. कुत्रा बागेच्या कोपऱ्यात बराच वेळ काहीतरी चघळत बसला आहे. घरच्यांना वाटते, हाड असेल. हा समज अगदीच चुकीचा नाही. कुत्र्यालाही तसेच वाटत असते. दगडासारखे कठीण, वासाचे, आणि न पळणारे असे ते काहीतरी. ते पळत नाही, ओरडत नाही, चावत नाही; डोके आणि पाय आत ओढून घेते आणि थांबते. भगवद्गीतेत स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना हीच उपमा वापरली गेली, आणि मराठी घरांत ती पाठही असते. पण कोल्हा किंवा मुंगूस थोडा वेळ उलटसुलट करून कंटाळून जातो, तसा पोट भरलेला, वेळच वेळ असलेला पाळीव कुत्रा कंटाळत नाही. तो अर्धा तास, तासभर कुरतडत राहतो. अंग चोरून वाट पाहण्याचा कासवाचा लक्षावधी वर्षांचा उपाय नेमका इथे तोकडा पडतो.

कवचाविषयी एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. लोकांना ते अंगावर घातलेल्या चिलखतासारखे, शिंपल्यासारखे वाटते. तुटले तर तुटले, आतले कासव सुखरूप आहे ना, असे विचारले जाते. कवच हे कासवाचे शरीरच आहे. त्याच्या फासळ्या आणि पाठीचा कणा पसरून व जुळून तो घुमट बनलेला असतो. वर दिसणारे नक्षीदार तुकडे म्हणजे नखे किंवा शिंगे ज्या द्रव्याची बनतात त्या केराटिनचा पातळ थर; त्याखाली जिवंत हाड, त्यात रक्तवाहिन्या, त्यात संवेदना. कवचाला तडा जाऊन रक्त आले याचा अर्थ हाड मोडले आहे, आणि ते दुखते आहे. पाठीच्या कवचाला अगदी लागून आतल्या बाजूस फुप्फुसे असतात. मधोमध कण्याची रेषा जाते, तिथली भेग मज्जारज्जूपर्यंत गेली असेल तर मागचे पाय निकामी होतात. कडेचा तुकडा कुत्र्याने तोडला असेल तर दिसायला भयंकर, पण त्यातून बहुधा जीव वाचतो. दिसायला लहान, म्हणजे दाताने पडलेले एक भोक, ते मात्र घातक ठरू शकते. कारण कुत्र्याच्या तोंडातील जंतू त्या भोकातून खोलवर पोहोचलेले असतात आणि वरून काहीच दिसत नाही.

म्हणून पहिले काम कुत्र्याला दूर करून खोलीत बंद करण्याचे. त्याला मारू नये. त्याने आपल्या जातीचा स्वभाव दाखवला, आणि मार खाल्ल्याने तो एवढेच शिकेल की अशा वस्तू घरच्यांच्या नजरेआड चघळाव्यात. कासव उलटे पडले असेल तर हळूच कुशीवर घेऊन सरळ करावे.

इथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. हंगेरीतील गाबोर डोमोकोश आणि पेतेर वारकोनी या दोघांनी एक घनाकृती तयार केली. ती कशीही ठेवली तरी आतल्या कोणत्याही वजनाच्या मदतीवाचून, केवळ आकारामुळे, डोलत डोलत एकाच स्थितीत येऊन उभी राहते. तिला त्यांनी गोम्बोत्स नाव दिले. पुढे २००८ मध्ये त्यांनी कासवांच्या पाठी मोजून प्रबंध प्रसिद्ध केला, तेव्हा या गणिती आकृतीच्या सर्वांत जवळ जाणाऱ्या पाठींपैकी एक तारांकित कासवाची निघाली. म्हणजे निरोगी तारांकित कासव उताणे पडले तरी त्याचा घुमटच त्याला सरळ होण्यास मदत करतो. ते उताणेच राहिले असेल तर ते थकले आहे, घाबरून मिटले आहे किंवा मोडले आहे. विषयांतराचा उपयोग इतका.

कासव उचलताना दोन्ही हातांनी, पुढच्या व मागच्या पायांच्या मधल्या भागात दोन्ही बाजूंनी धरावे, आडवे ठेवावे आणि जमिनीपासून फार उंच नेऊ नये. मुले ते उभे धरून पोटाकडून पाहू लागतात. तसे करू देऊ नये. घाबरलेले कासव अनेकदा लघवी करते. कोरड्या प्रदेशातील कासवे मूत्राशयात पाणी राखून ठेवतात, तेव्हा ती घाण नव्हे, त्याची शिल्लक आहे. जितकी कमी हाताळणी तितकी ती टिकते. आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. रेबीजची चौकशी पालक हटकून करतात. तो रोग सस्तन प्राण्यांचा आहे, कासवाला होत नाही.

जखम उथळ असेल, नुसती खरचटलेली किंवा कडेचा तुकडा निघालेली असेल, तर सलाइनने किंवा उकळून थंड केलेल्या पाण्याने हळू धुऊन, सलाइनमध्ये भिजवून पिळलेले गॉज वर ठेवावे. रक्त वाहत असेल तर कोरडे स्वच्छ गॉज पाच-दहा मिनिटे दाबून धरावे, मधून मधून उचलून पाहू नये. जखम खोल असेल, आतले काही दिसत असेल, किंवा श्वासासरशी भेगेतून बुडबुडे येत असतील, तर तिथे पाण्याचा थेंबही घालायचा नाही. ते पाणी थेट फुप्फुसात जाईल. फक्त झाकायचे. सुटलेला कवचाचा तुकडा सापडला तर तोही ओल्या गॉजमध्ये गुंडाळून बरोबर न्यावा. ओढून काढू मात्र नये.

आता न करायच्या गोष्टी. आणि खरे नुकसान बहुधा यांनीच होते. हळद भरू नये. हळदीवर मराठी माणसाचा विश्वास मोठा, आणि स्वयंपाकघरात तो रास्तही आहे. पण उघड्या हाडावर कोरडी पूड भरली की पशुवैद्याला आधी तीच काढत बसावे लागते आणि खालची जखम दिसत नाही. तेल, रॉकेल, चुना, घट्ट डेटॉल यांचेही तेच. सर्वांत वाईट म्हणजे भेग फेविक्विकसारख्या गोंदाने चिकटवणे. वरून कवच अखंड दिसते, घरचे खूश होतात, आणि कुत्र्याच्या तोंडातले जंतू आत कोंडले जाऊन सडवत राहतात. एके काळी पशुवैद्यही फायबरग्लास व राळेने अशा भेगा बुजवत असत. आता दूषित जखम मोकळी ठेवून, रोज स्वच्छ करून, तुकडे तारेने वा पट्टीने जागच्या जागी आवळण्याकडे कल आहे. तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. खायला घालू नये. कासवाला एक दिवसाची भूक काहीच नाही. घरातली दुखण्याची गोळी तर मुळीच देऊ नये.

एक मोठे पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, बाजूंना हवेसाठी भोके पाडावीत, तळाशी जुना स्वच्छ टॉवेल अंथरावा. वर्तमानपत्र घसरते. खोके शांत, काळोख्या खोलीत ठेवावे. कासव स्वतःची ऊब स्वतः निर्माण करत नाही. शरीर थंड पडले की त्याची रोगाशी झुंजण्याची शक्तीही मंदावते. हिवाळ्याची रात्र असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूस ठेवावी, दुसरी बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे नको असेल तर त्याला सरकता येईल. हवा २८ ते ३० अंशांच्या आसपास असली की पुरे. उन्हात ठेवणे हा यावरचा उपाय नाही. खोक्यातले कासव सावली शोधू शकत नाही आणि भाजून मरते. खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधावा. माश्या उघड्या जखमेत अंडी घालतात आणि एका दिवसात तिथे अळ्या होतात. पावसाळ्यात तर माश्या येणारच असे धरून चालावे.

त्याच संध्याकाळी फोन झाला पाहिजे. वनखात्याचे स्थानिक कार्यालय आणि वन्यप्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य, हे दोन. गुजरातेत १९६२ या क्रमांकावर पशुपक्ष्यांसाठी रुग्णवाहिका मिळते. महाराष्ट्रात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. इतरत्र जिल्ह्याच्या वनकार्यालयाचा क्रमांक आधीच लिहून ठेवावा; अंधार पडल्यावर शोधण्याची ती गोष्ट नव्हे. फोनवर बोलताना त्या मुलखाचा शब्द वापरावा. हैदराबादकडे नक्षत्र ताबेलु म्हटले, गुजरातेत काचबो म्हणून "जमीन पर रहनेवाला" एवढे जोडले, की पलीकडच्या वनरक्षकाला चित्र दिसते. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलांना हे दुभाषीपण जन्मतःच मिळालेले असते. घरात हा फोन मुलांनाच करू द्यावा.

सकाळी पाहू, असे पुष्कळ घरांत म्हटले जाते. कासव शांत असते, रक्त थांबलेले असते, कुत्राही आता पश्चात्तापदग्ध चेहरा करून दारात बसलेला असतो. या शांततेवर विश्वास ठेवू नये. मांजर किंवा कुत्रा जखमी झाला तर विव्हळतो, धापा टाकतो. माणसाला मदतीची घाई होते. कासवाचे सगळेच सावकाश: ते सावकाश आजारी पडते, सावकाश बरे होते आणि सावकाश मरते. दाताच्या भोकातून शिरलेला संसर्ग दिसू लागायला कित्येक दिवस, कधी आठवडेही जातात. तोवर खोक्यातल्या कासवाने कोथिंबीर खाल्ली म्हणून घरात पेढे वाटून झालेले असतात. याउलट, ज्याला मेलेले समजून खड्डा खणायला घेतला ते जिवंत निघते. फार कमी प्राणवायूवर बराच काळ तग धरण्याची शक्ती या प्राण्यांत आहे. तेव्हा निश्चल कासव मेले की नाही, याचा निवाडाही पशुवैद्यावर सोडावा.

पशुवैद्याकडे काय होते, ते थोडक्यात. क्ष-किरण चित्राने मोडलेली हाडे दिसतात. मादी असेल तर कधी आतली अंडीही दिसतात, आणि मग उपचाराची दिशाच बदलते. वेदनाशामक, द्रव, प्रतिजैविके हा क्रम. या प्राण्यांच्या शरीराचा वेग इतका मंद की काही प्रतिजैविके तीन तीन दिवसांच्या अंतराने टोचली जातात, आणि टोचतानाही सहसा पुढच्या पायाकडची बाजू निवडली जाते. कारण मागच्या भागातले रक्त आधी मूत्रपिंडांकडे जाऊ शकते. कवचाचे हाड भरून यायला महिने लागतात. मोठी मोडतोड असेल तर वर्षही उलटते. एखादा पाय गेलेले कासवही जगते.

इतका काळ ते राहते कुठे, हा प्रश्न मग घरात निघतो, आणि मुलांकडून निघतो. "आपणच ठेवू ना त्याला, आई." हा प्रश्न सोपा नाही. मुलाने रात्री उठून खोक्यात डोकावलेले असते, त्याचे नावही ठेवून झालेले असते. त्यात मोठ्यांची एक श्रद्धाही मिसळते: कासव शुभ, घरात असले की बरकत येते. देवळाच्या सभामंडपात पायाखाली कोरलेले कासव मराठी माणसाने लहानपणापासून पाहिलेले असते. जेजुरीचे भले मोठे पितळी कासव तर प्रसिद्धच आहे. देवळात ते दगडाचे वा पितळेचे आहे, हा भेद ध्यानात घेतला तर श्रद्धेला कुठेच बाध येत नाही.

जिवंत तारांकित कासव घरात ठेवणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने त्याला संरक्षण दिले आहे, आणि २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराने सर्वांत कडक बंदी घातली. शासनाची मालमत्ता ठरणारा वन्यप्राणी ज्याच्या ताब्यात येतो त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे वर्दी द्यावी, असे अधिनियमाचे कलम ३९ सांगते. कलमांचा खल करत बसण्यापेक्षा त्याच दिवशी वनखात्याला कळवून, कळवल्याची तारीख व वेळ टिपून ठेवणे सरळ. चांगल्या हेतूने उचललेले कासव तिसऱ्या महिन्यात घरात सापडले तर त्या हेतूचा पुरावा देणे अवघड जाते.

हा कडकपणा अनाठायी नाही. पाळण्यासाठी म्हणून या कासवांची जी चोरटी विक्री होते तिचे प्रमाण धक्कादायक आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतातील व्यापाराच्या केवळ एका केंद्रातून वर्षाला किमान ५५,००० कासवे रानातून उचलली जातात असा हिशेब मांडला. कोणाच्या तरी काचेच्या पेटीतले शुभ कासव या आकड्यातलेच एक असते. मूल जेव्हा "ठेवू ना" म्हणते तेव्हा त्याला कायदा सांगण्यापेक्षा हा आकडा सांगावा. दहा वर्षांच्या मुलाला आकडे चांगले कळतात.

संतवाङ्मयात कासवीची एक कल्पना वारंवार येते: ती पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या प्रेमळ दृष्टीने त्यांचे पोषण करते. ईश्वराच्या कृपेसाठी यापेक्षा सुंदर उपमा शोधून सापडायची नाही. प्रत्यक्षातली कासवी मागच्या पायांनी खड्डा खणते, माती कठीण असेल तर स्वतःच्या मूत्राने ती भिजवते, थोडीशी अंडी घालते, वरून माती दाबून सपाट करते आणि निघून जाते. महिने उलटल्यावर बाहेर पडणारे इवलेसे पिलू पहिल्या दिवसापासून एकटे असते. त्यातली फारच थोडी मोठी होतात. अंगणात सापडलेले वीतभर कासव हे त्या थोड्यांपैकी एक असते, आणि ती मादी असेल तर पुढची कित्येक वर्षे त्या माळावर अंडी घालणारी. म्हणून एका कासवासाठी एवढी यातायात कशाला, हा प्रश्न विचारणाऱ्याने हिशेब अर्धाच केलेला असतो.

कुत्र्यांविषयी बोलताना व्याख्याते सहसा भटक्या कुत्र्यांवर बोलून मोकळे होतात. श्रोत्यांनाही ते सोयीचे असते. भारतात कुत्र्यांकडून वन्यप्राण्यांवर होणाऱ्या हल्ल्यांच्या नोंदी गोळा करणारा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८० प्रजातींचे प्राणी बळी पडल्याचे नोंदले गेले आणि त्यांतील ३१ प्रजाती संकटग्रस्त होत्या. पण बागेतल्या कासवापुरते पाहिले तर तिथला कुत्रा भटका नाही. त्याला नाव आहे, लसीकरणाचे कार्ड आहे, आणि संध्याकाळी त्याला मोकळा सोडणारा माणूस आहे. पावसाळ्याच्या महिन्यांत, सकाळी आणि दिवस कलताना, माळाला लागून असलेल्या आवारात त्याला साखळीला धरूनच फिरवावे. मोकळे सोडण्याआधी घरातल्या कोणीतरी कुंपणाच्या कडेने एक फेरी मारावी. पाच मिनिटांचे काम. कुंपणाची जाळी जमिनीत गच्च पुरलेली असेल तर आत शिरलेले कासव बाहेर पडू शकत नाही आणि दिवसभर जाळीच्या कडेने येरझारा घालत राहते. कुत्र्याला ते तिथेच सापडते. तळाशी एका कोपऱ्यात वीतभर उंचीची फट ठेवली तर त्याचा मार्ग मोकळा राहतो. तोंडातील वस्तू सांगितल्याबरोबर टाकायला कुत्र्याला शिकवणे ही चैनीची गोष्ट समजली जाते. ते शिकलेल्या कुत्र्याच्या आवारात कासवांच्या जगण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

बरे झालेले कासव कुठे सोडायचे हे वनखाते ठरवते, पण त्या निर्णयाला लागणारी माहिती फक्त सापडलेल्या घराकडे असते. कोणत्या कुंपणाजवळ, कोणत्या तारखेला, पाऊस होता की नव्हता, हे एका कागदावर लिहून खोक्याला चिकटवावे. जमल्यास मोबाईलवरचे ठिकाणही टिपावे. वायव्येकडची कासवे आणि आग्नेयेकडची कासवे एकाच जातीची असली तरी दीर्घकाळ वेगळी राहिलेली आहेत, आणि गुजरातेतले कासव आंध्रात नेऊन सोडणे म्हणजे दोन्हींचे नुकसान. त्याच माळावरही अनोळखी भागात सोडलेले कासव ओळखीची झुडपे शोधत भटकते, रस्ते ओलांडते. जिथले होते तिथेच, आणि शक्यतो पाऊस पडून गवत वर आल्यावर, हा उत्तम योग.

म्हणजे बहुधा ते परत त्याच घराच्या कुंपणापलीकडे येऊन पोहोचते. वनरक्षक खोके उघडतो, कासव गवताच्या कडेला ठेवतो आणि चार पावले मागे सरकतो. सगळे घर टाळ्या वाजवायला जमलेले असते, आणि कासव डोके आत घेऊन बसून राहते. दहा मिनिटे, कधी अर्धा तास. मुले कंटाळून आत जातात. मग केव्हातरी ते मान बाहेर काढते, एकदा इकडेतिकडे पाहते आणि झुडपाकडे चालू लागते. एव्हाना पाहायला बहुधा आजोबाच उरलेले असतात, आणि घरात कुत्रा साखळीला बांधलेला असतो.